नव्वद आणि दहा डोकी

दिवाळीच्या पणत्या विझल्या की आमचं घर घोड्यावर चढायचं. पातेली, गोधड्या, पिठाचा डबा, आणि सगळ्यांच्या वर दोरीनं बांधलेली धाकटी बहीण. कापूस वेचून झालेल्या रानात मेंढ्या उतरवायच्या, पऱ्हाटीचा पाला खाऊ घालायचा आणि रात्री त्याच शेतात बसवायच्या. खताच्या बदल्यात शेतकरी ज्वारी द्यायचा. कुणी हात सैल सोडून द्यायचा, कुणी सकाळी अंगावर कुत्रं सोडायचा. असं गोदाकाठानं सरकत सरकत मृगापर्यंत. माझी प्राथमिक शाळा किती गावांत झाली ते मला सांगता येणार नाही. एका शाळेत तर गुरुजींनी नाव विचारेपर्यंत आमचं घोडं पुढच्या गावाच्या वाटेला लागलं होतं.

मी आठवीत असताना उघड्या रानात आम्हाला गारपिटीनं गाठलं. आईनं आम्हा पोरींच्या डोक्यावर पातेली उपडी घातली आणि ती स्वतः तशीच बसून राहिली. गारा थांबल्या तेव्हा पांढऱ्या रानात काळ्या मेंढ्या आडव्या पडलेल्या होत्या. बाप उठून बघायलासुद्धा गेला नाही. त्या वर्षापासून तो दुसऱ्याच्या मेंढ्या सालानं हाकायला लागला. स्वतःच्या कळपापुढं चालणारा माणूस दुसऱ्याच्या कळपामागं चालायला लागला की त्याची मान कशी होते, ते मी बघितलंय. आईचा उजवा खांदा त्या दिवसापासून वर होत नाही. म्हणून दिवाळी ते शिमगा मी तिच्या हाताखाली रानोमाळ फिरायची आणि उरलेलं वर्ष गंगापूरजवळच्या वस्तीवर मामाकडं राहून शिकायची. बारावी अशीच काढली. वस्तीवर बारावी झालेली मी पहिलीच.

त्याच सुमाराला शहरातल्या एका संस्थेनं गंगापुरात मुलींसाठी कॉलेजचं केंद्र काढलं. भाड्याची इमारत, खाली खताचं दुकान, वर आमचे वर्ग. पहिल्या केंद्रप्रमुख मॅडम शहाण्या होत्या. त्यांच्या लक्षात आलं की ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या आणि मेंढरांमागं जाणाऱ्यांच्या पोरी दिवाळीनंतर गायब होतात आणि शिमग्याला उगवतात. त्यांनी अशा पोरींची वेगळी तुकडी केली, दुपारचे जादा तास लावले आणि परीक्षा सगळ्यांबरोबर ठेवली. तिला सगळे ‘उशिराची तुकडी’ म्हणायचे. आम्ही दहाजणी होतो. रोजच्या तुकडीत नव्वद.

मामाची अट एकच होती. गंगापुरात असेल तोवर शीक. शहरात जायचं नाव काढलंस, तर दुसऱ्या दिवशी पाव्हणे बघायला येतील.

या केंद्रात मला ते सर भेटले. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. गेल्या वर्षी शहरातल्या क्रांती चौकात सिग्नलला मी गाडीवर थांबले होते आणि ते पलीकडून रस्ता ओलांडत होते. मी हाक मारली. त्यांनी बघितलं, ओळखलं, आणि तोंड फिरवून एका दुकानाचं बंद शटर असं निरखून बघायला लागले, जसं काही त्यावर कुणी उदाहरण लिहून ठेवलंय. सिग्नल सुटला, मी निघाले. एवढ्या वर्षांनी माणूस माझ्याशी बोलत नाही याचं मला वाईट वाटावं, तर तसंही नाही. पण त्यांच्यावर लिहायचं होतं, ते लिहून टाकते.

सर आम्हाला सांख्यिकी शिकवायचे. तासिकेवर होते, संस्थेत इतकी वर्षं काढूनही कुणी त्यांना कायम केलं नव्हतं. शहरातून रोज जीपनं यायचे. बाराही महिने कानाला मफलर. मे महिन्यात जीपमधली माणसं घामानं निथळायची आणि हे मफलरात. कुणी विचारलं तर म्हणायचे, वर्षात थंडीचे महिने चार, उन्हाचे आठ. आठांच्या बाजूनं सगळं जग आहे, मी चारांच्या बाजूनं.

वर्गात आले की हजेरी घ्यायचे नाहीत. बोटानं डोकी मोजायचे आणि तो आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे. तास संपेपर्यंत तो पुसायचा नाही. मधेच कुणी आली तर शिकवणं थांबवून आकडा दुरुस्त करायचे. कारण त्यांचं एक वाक्य होतं आणि ते वाक्य त्यांच्या तोंडात सुपारीसारखं कायम असायचं: “सरासरी नंतर. आधी डोकी.”

कुणीही सरासरी हा शब्द उच्चारला की हे विचारणार, किती जणांची? खताच्या दुकानाशेजारच्या चहाच्या हॉटेलात पेपर यायचा. त्यात जिथं जिथं सरासरी छापून आली असेल तिथं सर लाल पेनानं गोल करायचे आणि बाजूला लिहायचे, ‘किती जणांची?’ पावसाची असो, दुधाची असो, क्रिकेटची असो. एकदा हॉटेलवाला वैतागला. म्हणाला, सर, पेपर गिऱ्हाइकाला वाचायला ठेवलाय, तपासायला नाय. सरांनी चहा अर्धा टाकला आणि पुढं महिनाभर त्या हॉटेलाची पायरी चढले नाहीत. नुकसान हॉटेलवाल्याचं काहीच झालं नाही. सर महिनाभर बिनचहाचे राहिले. त्यांच्या सगळ्या लढायांचं असंच व्हायचं.

जीपवाल्याशी तर रोजचं भांडण. पुढच्या सीटवर ओळखीचा एकच माणूस पाय पसरून बसायचा आणि मागं अकराजण कोंबलेले. जीपवाला म्हणायचा, सर, अपनी गाडी में सब आराम से जाते. सर मागून ओरडायचे, आरामवाला एक है, बाकीचे ग्यारह हैं, दोनों का मिला के बोल. जीपवाला आरशात बघून हसायचा आणि आणखी एक बाई आत घ्यायचा.

ऐकायला हे मजेचं वाटतं. तेव्हा आम्हीही हसायचो. पण सरांना माणसाच्या मनाचं काही म्हणजे काही कळायचं नाही. दुसऱ्या वर्षाला मी शिमग्यानंतर वर्गात आले. रान फिरून आलेली, उन्हानं रापलेली, दोन वेण्या कडक झालेल्या. रोजच्या तुकडीतल्या पोरी बाकावर जरा सरकून बसायच्या, जागा द्यायला नाही, अंग लागू नये म्हणून. सरांच्या तासाला दोन्ही तुकड्या एकत्र बसायच्या; तो त्यांचाच हट्ट होता. आम्हा दहाजणींना मोजून फळ्यावरचे नव्वद त्यांनी पुसले, शंभर लिहिले. एवढं चांगलं केलं आणि लगेच माझ्याकडं वळून भर वर्गात विचारलं, तुझ्या बापाकडं मेंढ्या किती?

मी म्हणाले, “एकबी नाय सर. लोकांच्या हाकतो.”

मागून कुणीतरी खुदकन हसलं. दुसरा माणूस असता तर तिथं थांबला असता. सर म्हणाले, बरं, लोकांच्या किती? नर किती?

मी खाली बघून सांगितलं, मेंढ्या साठ, नर दोन. मग त्यांनी वजनं विचारली. मी म्हटलं, मेंढी तिसाच्या आसपास भरते, नर सत्तर. सरांनी पहिल्या बाकावरच्या कोमलला उठवलं. कोमल गंगापुरातल्या बागायतदाराची मुलगी, वर्गात पहिली येणारी. तिनं सत्तर आणि तीस मिळवून निम्मे केले आणि म्हणाली, कळपाचं सरासरी वजन पन्नास.

“पन्नास किलोचं जनावर बघितलंस का गं तुझ्या बापाच्या कळपात?” सरांनी मला विचारलं.

“नाय सर. दोन नरांनी सगळा कळप कसा जड व्हईल? एकतीस-बत्तिसाच्या वर नाय जायचं.”

“बस. झालं शिकवून.” त्यांनी खडू ठेवला. दोन ढिगांच्या दोन सरासऱ्या मिळवून निम्म्या करायच्या नसतात, ज्या ढिगात जितकी डोकी तितकं त्या ढिगाचं वजन, हे त्यांनी मग फळ्यावर मांडलं. पण मला ते तिथंच कळलं होतं, आणि त्या दिवशी मला ते कळल्याचा आनंद झाला नाही. तास संपल्यावर मी त्यांना गाठून सांगितलं, सर, माझ्या बापाचं उदाहरण परत द्यायचं नाही. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. म्हणाले, बापाचं कुठं दिलं, मेंढ्यांचं दिलं.

त्या वर्षीचा निकाल लागला. तिसऱ्या वर्षाला कॉलेज उघडलं तेव्हा जिन्यातल्या फळ्यावर संस्थेची सूचना चिकटवलेली होती. रोजची तुकडी, सरासरी गुण साठ. उशिराची तुकडी, सरासरी गुण तीस. केंद्राची एकूण सरासरी पंचेचाळीस. संस्थेच्या नियमाप्रमाणे पन्नासच्या खाली गेलेलं केंद्र बंद होणार, मुलींनी शहरातल्या मुख्य कॉलेजात जावं.

शहरातल्या कॉलेजात जावं, हे लिहायला एक ओळ लागते. आमच्या शंभरजणींत शहरात जाऊ शकणाऱ्या हाताच्या बोटांवर होत्या. बाकीच्यांचं काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या मामानं तर सूचनेची बातमी ऐकून त्याच आठवड्यात वैजापूरकडच्या एका स्थळाला निरोपही धाडला. एकच वर्ष उरलं होतं. पदवी दाराशी आलेली आणि दारच काढून नेत होते.

आणि सगळ्यांच्या नजरा आमच्यावर. तुम्हा दहाजणींमुळं बुडालं. कोमल माझ्या तोंडावर म्हणाली, तुम्ही वर्षातून दोन महिने येता, तीस आणता, आणि आमचे साठ खाता. मला स्वतःला त्रेपन्न होते. पण सरासरीत माझे त्रेपन्न कुणाला दिसणार? जिन्यात उभी राहून त्या सूचनेकडं बघत होते आणि मलाही वाटायला लागलं होतं की आपण बुडवलं.

सर आले, सूचना वाचली आणि हसायला लागले. पोट धरून, जिन्याच्या कठड्याला टेकून. आम्ही रडकुंडीला आलेलो आणि हे हसतायत. वर्गात येऊन त्यांनी फळ्यावर लिहिलं. नव्वद गुणिले साठ, चोपन्नशे. दहा गुणिले तीस, तीनशे. बेरीज सत्तावन्नशे, भागिले शंभर. सत्तावन्न. “यांच्या साठाला नव्वद डोकी आहेत आणि तुमच्या तिसाला दहा. दहाजणी नव्वदजणींना पंचेचाळीसपर्यंत ओढूच शकत नाहीत. बळ नाही तुमच्यात तेवढं.”

सत्तावन्न. म्हणजे केंद्र नियमात बसत होतं. म्हणजे आम्ही बुडवलं नव्हतं. त्या क्षणी ते मला देवमाणूस वाटले, हे मी नाकबूल करत नाही.

संस्थेचे सचिव पुढच्या आठवड्यात केंद्रावर येणार होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. जमीनदार घराणं, खादीचा पांढरा सदरा, बोलणं हळू. मॅडमनी सरांना बाजूला घेऊन समजावलं होतं. म्हणाल्या, कागदावर सत्तावन्न मांडून द्या, मी त्यांच्या हातात देते, ते गाडीत बसून बघतील आणि उद्या स्वतःच हुकूम मागं घेतील. चारचौघांत काही नको. सर म्हणाले, चूक चारचौघांत चिकटवलीय, मग दुरुस्ती गाडीत का?

त्या दिवशी वर्गात आईबाप, मुली, शिक्षक, सगळे दाटीनं बसलेले. सरांनी टेबलावर एक मोठी स्टीलची गंजी भरून पाणी ठेवलं होतं आणि शेजारी एक पेला. पेल्यात त्यांनी मूठभर मीठ विरघळवलं होतं. खाऱ्या पेल्याचं पाणी गंजीत ओतून सगळ्यांना चाखवायचं आणि दाखवायचं की थोडं खारट पुष्कळ गोड्या पाण्याला निम्मं खारट करू शकत नाही, असा त्यांचा बेत. बेत चांगला होता. पण ऊन मी म्हणत होतं, भाऊसाहेब जिना चढून आले, आणि आपल्याकडं पाहुणा आला की त्याच्यापुढं आधी पाणी ठेवतात. त्यांनी टेबलावरचा पेला बघितला, आपल्यासाठीच ठेवलाय असं समजून उचलला आणि मोठा घोट घेतला.

तो घोट त्यांनी खिडकीतून बाहेर टाकला. मॅडम दुसरं पाणी आणायला धावल्या. एवढ्यावर सरांनी दोन शब्द माफीचे बोलायला पाहिजे होते. ते हौसेनं पुढं झाले आणि म्हणाले, “हे आमचे तीस झाले, भाऊसाहेब. आता गंजीत ओततो. मग चाखा.”

भाऊसाहेब रुमालानं ओठ पुसत होते. हळूच म्हणाले, “सर, संस्थेच्या कार्यालयात हिशेब करणारी माणसं आहेत.”

“असतील. तुमची शंभर एकर आणि या पोरीच्या बापाची शून्य,” सरांनी परत माझ्याकडंच बोट केलं, “निम्मे करा. तुम्ही दोघंही पन्नास एकरवाले. उद्या सातबारावर चढवता का तिच्या बापाचं नाव?”

मागच्या बाकांवरचे बाप हसले. मोकळे, मोठ्यानं हसले. भाऊसाहेबांपुढं असं हसायची संधी त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. माझा मामाही हसला. मी नाही हसले. मी भाऊसाहेबांचा चेहरा बघत होते. मेंढरामागं फिरणाऱ्याला शेतमालकाचा चेहरा वाचता यावा लागतो. रात्र शेतात काढायला मिळणार की नाही ते त्यावर ठरतं. मला कळलं की आता सत्तावन्न मेलं.

ते उठले. जाताना मॅडमना म्हणाले की केंद्र बंदचा निर्णय कायम आहे, आणि सरांच्या तासिका आजपासून नाहीत. सर जिन्यावरून त्यांच्या मागं सांगत होते, तुम्ही मला काढा, पण सत्तावन्नाचे पंचेचाळीस व्हायचे नाहीत. आणि वर येऊन आम्हाला म्हणाले, “बघितलं? उत्तर नव्हतं त्यांच्याकडं.”

त्यांचा चेहरा उजळलेला होता. त्यांच्या लेखी ते जिंकले होते. वैजापूरचं स्थळ मला बघायला रविवारी येणार होतं.

सरांच्या घरी बायकोची कायमची नोकरी होती, शहरात स्वतःचं घर होतं. बरोबर असणं त्यांना परवडत होतं. हे वाक्य मी तेव्हा बोलले नव्हते, आता लिहिते.

शनिवारी मी मॅडमना घेऊन क्रांती चौकाजवळच्या संस्थेच्या कार्यालयात गेले. कोमललाही नेलं, कारण तिच्या वडिलांचं नाव भाऊसाहेबांना ठाऊक होतं. मी गणिताचं काही बोलणार नाही असं वाटेतच ठरवलं होतं. आत गेल्यावर मी भाऊसाहेबांच्या पाया पडले. मी म्हणाले, त्या दिवशी पाण्याचं जे झालं त्याची आम्हा पोरींना लाज वाटते. नव्वदजणींनी साठ आणले ते तुमच्या केंद्राचं नाव आहे, ते जाऊ देऊ नका.

भाऊसाहेबांनी आधी मॅडमना बसायला सांगितलं. मग कोमलला तिच्या वडिलांची तब्येत विचारली. मग मला विचारलं, “तू उशिराच्या तुकडीतली ना?”

“व्हय.”

“तुमची तुकडी नियमित धरायचीच कशाला? ती काही खरी तुकडी नाही. तुम्हाला सोडून मोजलं तर केंद्र साठावर आहे. मग बंद करायचं कारण उरत नाही.” ते मॅडमकडं वळले. “चालू वर्षाला या दहाजणींना परीक्षेला बसू द्या. पुढच्या वर्षापासून ती तुकडी नको. चालेल ना तुम्हाला?” शेवटचं त्यांनी मला विचारलं.

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. त्यांनीच ती तुकडी काढली होती. माझी धाकटी बहीण तेव्हा नववीत होती, दिवाळीनंतर आईबरोबर रानात जायची. तिची आठवण मला झाली नाही असं नाही. झाली. पण त्या खोलीत दोघींची मिळून काही वाट निघत नव्हती, एकीची निघत होती.

मी म्हणाले, “चालंल.”

सोमवारी नवी सूचना लागली. केंद्राची सरासरी साठ. पोरींनी पेढे वाटले. कोमल मला पेढा देताना म्हणाली, बघ, तुम्हाला काढल्याबरोबर कसं नीट झालं. वाईट मनानं नाही म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. सगळ्यांनाच तसं वाटलं. फळ्यावर एवढं सत्तावन्न मांडून दाखवलं होतं, पण शंभरातल्या नव्वदजणी आजही हेच सांगतील की उशिराच्या तुकडीमुळं केंद्र बुडत होतं आणि ती काढल्यावर वाचलं. हे मला अजून गिळता येत नाही. मी पेढा खाल्ला.

सर त्यांची गंजी आणि पेला न्यायला आले ते त्याच दिवशी. मॅडमकडून त्यांना सगळं कळलं होतं. खताच्या दुकानापुढं ते मफलर सावरत जीपची वाट बघत उभे होते. मी जाऊन उभी राहिले. वाटलं, सर काहीही म्हणाले तरी एका वाक्यात शाबासकी असेल. केंद्र वाचलं होतं, त्यांच्याच नव्वद पोरी शिकणार होत्या.

ते म्हणाले, “सत्तावन्नात तुम्ही होतात. साठात तुम्ही नाही.”

“सर, सत्तावन्न बंद पडत होतं. साठ चालू राहिलं.”

“खोटं चालू राहिलं.”

“सर, तुम्ही पाण्याच्या आधी दोन शब्द गोड बोलला असता ना, तर सत्तावन्नच चालू राहिलं असतं. मॅडमनी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्हाला आमचं केंद्र वाचवायचं नव्हतं. तुम्हाला भाऊसाहेबाची जिरवायची होती.”

एवढं मी आयुष्यात कुठल्या मास्तराला बोलले नव्हते. त्यांना काही लागलं का, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांचा चेहरा वाचायला मला कधी जमलंच नाही. जीप आली. ते मागं कोंबून बसले, गंजी मांडीवर. जीपवाल्याला त्या दिवशी काही बोलले नाहीत. त्यानंतर ते माझ्याशी आजतागायत बोललेले नाहीत.

ते चुकले नव्हते. त्यांचं उत्तर बरोबर होतं, आजही बरोबर आहे. शेंद्र्याला ज्या कंपनीत मी उत्पादनाचे आकडे बघते, तिथं एक मोठी लाइन आणि एक छोटी लाइन आहे. नवा साहेब आला की हमखास दोन्हींच्या सरासऱ्या मिळवून निम्म्या करतो आणि छोट्या लाइनवरच्या कंत्राटी पोरांना सगळ्यांसमोर झापतो. मी सभा संपू देते. मग त्याच्या टेबलाजवळ जाऊन हळू आवाजात सांगते की सर, आकडा एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या नावानं दुरुस्ती जाहीर करतो. पोरांवरचा ठपका जातो. मला कुणी काही म्हणत नाही. हे सगळं मला सरांनी शिकवलं नाही. निम्मं त्यांनी शिकवलं, निम्मं त्यांच्याकडं बघून शिकले.

पण एखादे वेळी कंपनीची बस भरधाव असते, डोळा लागतो, आणि त्यांचं ते वाक्य ऐकू येतं. साठात तुम्ही नाही. त्याला मी दिलेलं उत्तरही बरोबर होतं. दोन बरोबर उत्तरं मिळून आम्हा दहाजणींच्या वाट्याला काय आलं, ते कुठल्या पद्धतीनं काढायचं ते त्यांनी शिकवलं नव्हतं.

वैजापूरच्या स्थळाला मामानं वर्षभर थांबायला सांगितलं. ते थांबले नाहीत, मी सुटले. मी परीक्षा दिली. आमच्या दहाजणींत सहाजणी पास झाल्या. पुढच्या जूनला उशिराची तुकडी नव्हती. धाकटी बारावी झाली, दिवाळीनंतर आईबरोबर रानात गेली, आणि कॉलेजात तिला कुणी घेतलं नाही. तिचं लग्न झालं, ती आता नेवाशाकडं मेंढरांमागं असते. केंद्र चालू आहे. बाप आता कुणाच्या मेंढ्या हाकत नाही. मी त्याला मामाच्या वस्तीवर दोन खोल्या बांधून दिल्या, त्यांना पत्र्याचं दार आहे.

मी बी.कॉम. झाले, दुसऱ्या श्रेणीत. आमच्या वस्तीवर अजून दुसरं कुणी पदवीधर नाही.